कार्यालयीन व्हीपीएन सर्व्हर

कार्यालयीन व्हीपीएन सर्व्हर म्हणजे कार्यालयाबाहेर असलेल्या लॅपटॉपना सार्वजनिक इंटरनेटवरून, परंतु कूटबद्ध स्वरूपात, कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्याशी जोडून देणारा संगणक होय. व्हीपीएन हे 'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' या इंग्रजी नावाचे लघुरूप असून मराठीत त्यास आभासी खाजगी जाळे असे म्हणतात. घरी, परगावी किंवा प्रवासात असलेला कर्मचारी अशा सर्व्हरमार्फत कार्यालयातील सामायिक फायली, हिशेबाची प्रणाली, छपाईयंत्रे व अंतर्गत संकेतस्थळे जणू कार्यालयात बसूनच वापरू शकतो.

जाहिरातींतून परिचित असलेली, मासिक वर्गणी भरून घ्यावयाची व्हीपीएन सेवा आणि कार्यालयीन व्हीपीएन यांत तंत्र बरेचसे समान असले तरी हेतू वेगळा आहे. वर्गणीची सेवा वापरकर्त्याचा मूळ पत्ता झाकून त्याला जगाच्या इंटरनेटवर दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर काढते. कार्यालयीन व्हीपीएन त्याला बाहेरून आत घेते. पहिल्या प्रकारात अनोळखी सेवादात्यावर विश्वास टाकावा लागतो. दुसऱ्यात सर्व्हर स्वतःचाच असतो आणि त्याच्या सुरक्षेची जबाबदारीही स्वतःचीच असते. या दोहोंची गल्लत झाल्याने अनेक लहान कार्यालये चुकीची वस्तू विकत घेतात.

कार्यपद्धती

कार्यालयातील संगणकांना सामान्यतः खाजगी आयपी पत्ते दिलेले असतात. १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ हे तीन पट्टे अशा वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. हे पत्ते जगात लाखो ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने इंटरनेटवरील राउटर त्यांची वाहतूक करीत नाहीत. साहजिकच नाशिकच्या घरातील लॅपटॉपला पुण्याच्या कार्यालयातील १०.४७.२०.५ या पत्त्यावरचा फाइल सर्व्हर थेट गाठता येत नाही. (येथे पत्ते देवनागरी अंकांत दिले आहेत, संगणकाच्या फायलीत ते रोमन अंकांतच लिहावे लागतात.)

या अडचणीवरील उपायास 'बोगदा' म्हणण्याची प्रथा आहे. खंडाळ्याचा घाट रेल्वेने चढलेल्या वाचकास हा शब्द जवळचा वाटेल, परंतु उपमा काहीशी फसवी आहे. बोगदा हा वेगळा रस्ता असतो. व्हीपीएनमध्ये वेगळा रस्ता नसतो. माहितीची पाकिटे त्याच सार्वजनिक मार्गाने, इतर सर्वांच्या पाकिटांबरोबर जातात. लखोट्यात घातलेला लखोटा ही प्रतिमा अधिक अचूक ठरेल. आतील लखोट्यावर कार्यालयातील खाजगी पत्ता असतो. लॅपटॉपवरील व्हीपीएन प्रणाली तो संपूर्ण लखोटा कूटबद्ध करून दुसऱ्या लखोट्यात घालते व त्यावर व्हीपीएन सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता लिहिते. वाटेतील टपालवाल्यांना केवळ बाहेरचा पत्ता वाचता येतो. सर्व्हर बाहेरचा लखोटा फोडतो, आतील मजकूर उलगडतो आणि तो कार्यालयाच्या जाळ्यात सोडून देतो. उत्तर याच्या उलट क्रमाने परत येते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वाटेतील कोणासही मजकूर वाचता येत नाही, मात्र व्हीपीएन वापरले जात आहे हे आणि किती माहिती गेली हे दिसते. तसेच कूटलेखन सर्व्हरपाशी संपते. तेथून पुढे कार्यालयाच्या जाळ्यात पाकीट पूर्वीच्याच उघड वा बंद स्थितीत प्रवास करते.

इतिहास

आयपी पाकिटे कूटबद्ध करण्याचे प्रयोग १९९०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले आणि १९९५ मध्ये आयपीसेक या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. आयपीसेक भक्कम असले तरी त्याची मांडणी गुंतागुंतीची होती. सामान्य कार्यालयांत आधी रुजली ती मायक्रोसॉफ्टने पुरस्कारलेली पीपीटीपी ही पद्धत. १९९६च्या विंडोज एनटी ४.० पासून ती विंडोजसोबत येत असल्याने वेगळे काही विकत घ्यावे लागत नसे. मात्र १९९८ मध्येच ब्रूस श्नायर व 'मज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधकाने तिच्यातील दोष दाखवून दिले, आणि २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक याने तिची परवलीपद्धत एका ५६ बिटांच्या किल्लीइतक्याच बळाची असल्याचे सिद्ध केले. ॲपलने २०१६ मध्ये आपल्या संगणकांतून पीपीटीपी काढून टाकली. जुन्या राउटरच्या यादीत तिचे नाव अजूनही आढळते. ते निवडू नये.

२००१ मध्ये जेम्स योनान याने ओपनव्हीपीएन ही मुक्त प्रणाली तयार केली. मध्य आशियातील प्रवासात कामासाठी अनोळखी देशांतील जाळ्यांतून संपर्क साधावा लागल्याने आपणास तिची गरज जाणवली, असे त्याने सांगितले आहे. ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. २०१५च्या सुमारास जेसन डोनेनफेल्ड याने वायरगार्ड या नव्या प्रणालीचे काम हाती घेतले. तिच्या लिनक्ससाठीच्या गाभ्याचा आकार सुमारे ४,००० ओळींचा होता. इतर प्रणालींच्या तुलनेत हा आकार फारच लहान असल्याने एकाच तज्ज्ञाला ती साद्यंत वाचून तपासणे शक्य झाले. २९ मार्च २०२० रोजी प्रसृत झालेल्या लिनक्स कर्नलच्या ५.६ या आवृत्तीत वायरगार्डचा समावेश झाला. त्याच आठवड्यात, २५ मार्चपासून, भारतात टाळेबंदी लागू झालेली होती आणि हिंजवडीपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतची कार्यालये रातोरात घराघरांत विखुरली होती. हा निव्वळ योगायोग होता. पण घरून कामाची पद्धत स्थिरावली त्या काळात लहान कार्यालयांस परवडेल अशी साधी व्हीपीएन प्रणाली उपलब्ध झाली, हे खरे. पुढील विवेचन मुख्यतः वायरगार्डच्या आधारे केले आहे.

उभारणीपूर्वीची तयारी

पहिला प्रश्न सार्वजनिक पत्त्याचा. बाहेरील लॅपटॉपने हाक मारावी तर कार्यालयाला इंटरनेटवर ओळखता येईल असा पत्ता हवा. भारतातील अनेक सेवादाते आयपी पत्त्यांच्या टंचाईमुळे एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या बाह्य बाजूस १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातील पत्ता दिसत असेल, तर कार्यालय अशा सामायिक पत्त्याआड आहे असे समजावे. तेथे बाहेरून येणारी हाक आत पोहोचणारच नाही. कितीही योग्य मांडणी केली तरी जोडणी होत नाही अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा हेच कारण असते, आणि लोक मात्र किल्ल्या तपासत दिवस घालवतात. उपाय दोन: सेवादात्याकडून जादा शुल्क देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा माहिती केंद्रात एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन कार्यालय व लॅपटॉप या दोघांनीही त्याला जोडून घ्यावे. वायरगार्डवर आधारलेल्या टेलस्केलसारख्या सेवा हा दुसरा मार्ग पडद्याआड स्वतःच हाताळतात.

दुसरा प्रश्न अंतर्गत पत्त्यांचा. घरगुती राउटर बहुतेक वेळा १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० या पट्ट्यांतील पत्ते वाटतात. कार्यालयानेही तोच पट्टा वापरला असेल, तर लॅपटॉपपुढे पेच पडतो: १९२.१६८.१.१० हा फाइल सर्व्हर कार्यालयातला, की घरातील दूरचित्रवाणी संच? लॅपटॉप जवळचा पत्ता निवडतो आणि कार्यालय 'दिसत नाही'. म्हणून कार्यालयाच्या जाळ्यास प्रारंभीच सहसा कोणी न वापरणारा पट्टा द्यावा; उदाहरणार्थ कार्यालयासाठी १०.४७.२०.०/२४ आणि बोगद्यासाठी १०.४७.९९.०/२४. चालू कार्यालयाचे पत्ते बदलणे हे कंटाळवाणे काम आहे. लॅपटॉप पाच असताना ते करणे पन्नास झाल्यावर करण्यापेक्षा बरे.

यंत्रसामग्रीची अपेक्षा माफक असते. दहा-वीस लॅपटॉपांसाठी जुना पण विश्वासार्ह संगणक, त्यावर चालू आवृत्तीची लिनक्स प्रणाली आणि वीज गेली तरी तग धरणारा यूपीएस एवढे पुरते. खरी मर्यादा पडते ती इंटरनेट जोडणीच्या बाहेर पाठवण्याच्या वेगाची. कर्मचारी जे उतरवून घेतो, ते कार्यालय पाठवत असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला उतरवण्याचा वेग येथे उपयोगी पडत नाही.

किल्ल्या आणि मांडणी

वायरगार्डमध्ये वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द नसतो. प्रत्येक यंत्रास किल्ल्यांची एक जोडी असते: खाजगी किल्ली त्या यंत्राबाहेर कधीही जात नाही, आणि तिच्यावरून गणिताने काढलेली सार्वजनिक किल्ली इतरांस देता येते. सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे व्यवहारतः अशक्य असते. प्रत्येक किल्ली ३२ बाइटांची असून फायलीत ती ४४ अक्षरांच्या ओळीने दर्शवितात. नियम असा की लॅपटॉपची जोडी लॅपटॉपवरच तयार करावी व केवळ सार्वजनिक किल्ली प्रशासकाकडे पाठवावी. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी प्रशासक स्वतःच सर्व जोड्या बनवून तयार फाइल व्हॉट्सॲपने पाठवतो. हे सोयीचे असले तरी त्यामुळे खाजगी किल्लीच्या प्रती दोन फोनांत आणि त्यांच्या साठवणीत कायमच्या राहतात.

सर्व्हरच्या मांडणीफायलीत त्याची स्वतःची खाजगी किल्ली, बोगद्यातील पत्ता (येथे १०.४७.९९.१) आणि ऐकण्याचे पोर्ट असते. रूढ पोर्ट ५१८२० हे असून वाहतूक यूडीपी पद्धतीने होते. त्याखाली प्रत्येक लॅपटॉपसाठी एक स्वतंत्र विभाग लिहितात. त्यात लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली व 'अनुमत पत्ते' नमूद करतात. कार्यालयाच्या राउटरवर हेच पोर्ट सर्व्हरकडे वळवावे लागते.

अनुमत पत्त्यांचा रकाना हा वायरगार्डचा आत्मा आहे आणि नवशिक्यांच्या गोंधळाचे मुख्य ठिकाणही. त्याचा अर्थ दुहेरी आहे. पाकीट पाठवताना तो सांगतो की या पत्त्यांकडे जाणारी पाकिटे या किल्लीने बंद करावीत. पाकीट येताना तो सांगतो की या किल्लीने उघडलेल्या पाकिटावर प्रेषक म्हणून केवळ हेच पत्ते चालतील. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक लॅपटॉपपुढे त्याचा एकच पत्ता लिहावा, जसे १०.४७.९९.११/३२. त्यामुळे एका लॅपटॉपला दुसऱ्याचे सोंग घेता येत नाही. लॅपटॉपवर मात्र सर्व्हरच्या विभागात कार्यालयाचा व बोगद्याचा असे पूर्ण पट्टे लिहावेत. तेथे ०.०.०.०/० असे लिहिल्यास लॅपटॉपची सर्वच इंटरनेट वाहतूक कार्यालयामार्गे जाऊ लागते. विमानतळावरील मोफत वायफायसारख्या ठिकाणी ते हिताचे ठरते. परंतु वीस कर्मचाऱ्यांच्या दृक्‌श्राव्य बैठका कार्यालयाच्या एकाच जोडणीतून जाऊ लागल्या की ती गुदमरते. रोजच्या कामासाठी केवळ कार्यालयीन वाहतूक बोगद्यातून नेणे बहुधा योग्य.

एवढे करूनही बोगदा जोडला जातो, सर्व्हर उत्तर देतो, पण त्यामागील फाइल सर्व्हर गप्प राहतो, असा अनुभव येतो. कारणे सामान्यतः दोन असतात. लिनक्स संगणक आपणासाठी नसलेली पाकिटे मुळात पुढे पाठवत नाही. ती अग्रेषण-सोय चालू करावी लागते. दुसरे कारण परतीच्या वाटेचे. फाइल सर्व्हरला १०.४७.९९.११ हा पत्ता अनोळखी असल्याने तो उत्तर कार्यालयाच्या राउटरकडे देतो, आणि राउटरलाही तो माहीत नसल्यास उत्तर तेथेच हरवते. राउटरवर 'बोगद्याचा पट्टा व्हीपीएन सर्व्हरमार्फत' अशी स्थिर मार्गनोंद करणे हा सरळ उपाय. व्हीपीएन सर्व्हरने सर्व पाकिटांवर स्वतःचा पत्ता चिकटवणे हा दुसरा; तो लवकर जमतो, मात्र मग फाइल सर्व्हरच्या नोंदवहीत सर्व कर्मचारी एकाच नावाने दिसू लागतात आणि पुढे चौकशीची वेळ आली तर कोणी काय उघडले ते कळत नाही.

वापरातील अडचणी

वायरगार्ड अनधिकृत पाकिटांना कोणतेही उत्तर देत नाही. त्यामुळे बंद दारे ठोठावत फिरणाऱ्यांस सर्व्हर अस्तित्वात असल्याचेही कळत नाही. परंतु हाच मौनी स्वभाव दोष शोधणाऱ्या प्रशासकाचीही परीक्षा पाहतो. चुकीची किल्ली, चुकीचे पोर्ट आणि बंद पडलेला सर्व्हर ही तिन्ही लॅपटॉपवरून सारखीच दिसतात. शेवटच्या हस्तांदोलनाची वेळ तपासणे ही पहिली पायरी होय. वाहतूक सुरू असताना हस्तांदोलन साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होते. त्यामुळे तीन मिनिटांहून जुनी वेळ दिसल्यास जोडणी खरी नाही असे धरावे.

घरगुती राउटर काही काळ शांत असलेली यूडीपी वाट विसरून जातो व मग कार्यालयाकडून आलेले पाकीट लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. लॅपटॉपवर दर २५ सेकंदांनी एक रिकामे पाकीट पाठवण्याची सूचना दिल्यास वाट उघडी राहते. लहान मजकूर जातो पण मोठी फाइल मध्येच अडकते, असे घडल्यास पाकिटाचा आकार तपासावा. बाहेरच्या लखोट्यासही जागा लागत असल्याने वायरगार्ड आतील पाकीट साधारणपणे १,४२० बाइटांपर्यंत मर्यादित ठेवते; काही मोबाइल व ब्रॉडबँड जोडण्यांवर तेही मोठे ठरते आणि १,२८० पर्यंत खाली यावे लागते. एकच फाइल दोन लॅपटॉपवर उतरवली, तर सर्व्हर दोघांना एकच समजतो आणि जोडणी आलटून पालटून एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारते. जुन्या लॅपटॉपच्या घड्याळाची बॅटरी संपून तारीख मागे गेली, तरी जोडणी नाकारली जाते, कारण प्रत्येक हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो व आधीच्याहून जुना शिक्का सर्व्हर स्वीकारत नाही.

मंदपणाच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा वेग नसून अंतर असते. हिशेबाची प्रणाली लॅपटॉपवर आणि तिची माहिती कार्यालयातील फाइल सर्व्हरवर असेल, तर एक अहवाल उघडण्यास तिला हजारो लहान विनंत्या कराव्या लागतात. कार्यालयाच्या तारेवर प्रत्येक फेरीस अर्धा मिलिसेकंद धरला, तर २,००० फेऱ्या एका सेकंदात होतात. घरून हीच फेरी ४० मिलिसेकंदांची झाली की त्याच अहवालास ८० सेकंद लागतात, आणि जोडणी मध्येच तुटल्यास माहितीची फाइल बिघडण्याचा धोका वेगळाच. अशा वेळी कार्यालयातील संगणकाचा पडदा दूरस्थ पद्धतीने लॅपटॉपवर आणावा आणि काम तेथेच करावे. त्यासाठी विंडोजच्या दूरस्थ पडद्याचे ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणे मात्र सर्वथा टाळावे; खंडणीखोर प्रणालींच्या टोळ्या ज्या दारांनी शिरतात, त्यांतील हे एक प्रमुख दार आहे. व्हीपीएनच्या आत ते वापरण्यास हरकत नाही.

सुरक्षा

व्हीपीएन सर्व्हर हा कार्यालयाचा दरवाजा असतो, भिंत नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या जाळ्यात घुसखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्यास केवळ परवलीचा शब्द होता, ओळखीची दुसरी खूण मागितली जात नव्हती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास सुमारे ४५ टक्के इंधन पुरवणारी ही वाहिनी ७ मे रोजी बंद करावी लागली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली. महागडी तयार उपकरणे घेतल्याने हा धोका टळतो असेही नाही. इव्हान्टी या कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतील दोषांमुळे जानेवारी २०२४ च्या अखेरीस अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने तेथील केंद्रीय कार्यालयांस ती उपकरणे जाळ्यापासून तोडण्यास सांगितले होते. त्यासाठी दिलेली मुदत जेमतेम दोन दिवसांची होती.

वायरगार्डमध्ये परवलीचा शब्द चोरीस जाण्याची भीती नसली तरी किल्ली लॅपटॉपच्या चकतीवर असते. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला, तर किल्लीही गेली. म्हणून चकती कूटबद्ध असणे ही व्हीपीएनची पूर्वअट समजली पाहिजे. हरवल्याची सूचना मिळताच सर्व्हरच्या फायलीतून त्या लॅपटॉपचा विभाग काढून ती पुन्हा लागू केली की त्याचा प्रवेश तत्क्षणी संपतो. हे सहज शक्य व्हावे यासाठी कोणती किल्ली कोणाची, केव्हा दिली, याची वही ठेवावी लागते. नुसत्या ४४ अक्षरांवरून माणूस ओळखता येत नाही. नोकरी सोडणाऱ्याचा संगणक परत घेतला जातो, ओळखपत्र जमा होते, आणि किल्ली मात्र वर्षानुवर्षे सर्व्हरवर तशीच राहते, असे सर्रास घडते. वायरगार्डमध्ये दुसऱ्या खुणेची सोय अंगभूत नाही. ती आतील प्रणालींवर, म्हणजे दूरस्थ पडदा व हिशेबाच्या प्रवेशद्वारावर, बसवावी.

सर्व्हरच्या फायरवॉलने प्रत्येक लॅपटॉपला हवे तेवढेच दाखवावे. हिशेबनिसास हिशेबाचा सर्व्हर पुरे. त्याच्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या विषाणूस सीसीटीव्हीच्या नोंदसंचापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. मांडणीची फाइल केवळ मुख्य प्रशासकास वाचता येईल अशी ठेवावी आणि लिनक्सच्या सुरक्षा सुधारणा आपोआप लागू होतील अशी व्यवस्था करावी.

भारतातील नियम

भारतात कार्यालयीन व्हीपीएन चालवण्यास बंदी नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवादात्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जतन करावेत असे म्हटले. त्यामुळे काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलवले आणि व्हीपीएनच बेकायदा ठरल्याचा समज पसरला. ग्राहकांच्या नोंदींची ही अट कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही, असा खुलासा संस्थेने पुढे केला. मात्र त्याच निर्देशांतील इतर दोन कलमे कंपन्यांवरही बंधनकारक आहेत: सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे. वायरगार्ड स्वतः जवळपास काहीच नोंदवत नाही. म्हणून कोणती किल्ली कोणत्या पत्त्यावरून केव्हा जोडली गेली याची नोंद ठेवणारी व्यवस्था सर्व्हरवर वेगळी करावी लागते.